युबी ब्लेकचा 'चार्ल्स्टन रॅग': १९१७, १९२१ आणि १९६९ – यातलं प्रमाण कोणतं मानायचं?

मंद्रसप्तक

रॅगटाइम (शतकापूर्वीची अमेरिकन पियानोशैली; तिच्यातली रचना म्हणजे रॅग) ऐकणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. अमेरिकन पियानोवादक-रचनाकार युबी ब्लेकच्या 'चार्ल्स्टन रॅग'च्या तीन फाइली हाताशी आहेत. पहिलीवर '१९१७, स्टिरिओ' असं लिहिलंय. दुसरी 'साउंड्स ऑफ आफ्रिका' या नावाची, एमर्सन कंपनीची, १९२१ ची. नाव वेगळं असलं तरी चीज तीच आहे. तिसरी कोलंबिया कंपनीच्या १९६९ च्या एलपीवरची.

छापील स्वरलिपी समोर ठेवून पियानोवर पडताळलं तर तिसरी जुळते. पहिली बरोबर अर्धा स्वर खाली आहे. दुसरी ट्यूनरवर (सूर मोजायच्या यंत्रावर) साधारण ४० सेंट वर दिसते (अर्ध्या स्वराचे १०० सेंट) आणि तिची लयही तिसरीपेक्षा बरीच चढी आहे.

तर, १९१७ मध्ये स्टिरिओ आलं कुठून? एकाच माणसाने एकच रचना तीन पट्ट्यांत वाजवली की फाइलींची गडबड आहे? आणि रचना १८९९ ची म्हणतात, पण ब्लेकचं जन्मसाल कुठे १८८३ तर कुठे १८८७ दिसतं. यातलं धरायचं काय? मुख्य हेतू चीज शिकण्याचा आहे, पण कान कोणत्या वादनावर तयार करायचा हेच ठरत नाहीये.

---

तबकडीप्रेमी

आधी सालांचा गुंता, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे.

जेम्स ह्यूबर्ट ब्लेक, जन्म ७ फेब्रुवारी, बाल्टिमोर. साल १८८७ धरा. तो स्वतः आयुष्यभर १८८३ सांगत आला आणि जगानेही ते मानलं. फेब्रुवारी १९८३ मध्ये त्याची शंभरी थाटात साजरी झाली आणि पाच दिवसांनी, १२ तारखेला, तो ब्रुकलिनमध्ये वारला. पण १९०० ची जनगणना, पहिल्या महायुद्धातली लष्करभरतीची नोंद, १९२० चा पासपोर्टचा अर्ज, १९३६ चा सोशल सिक्युरिटीचा अर्ज, सगळीकडे १८८७ आहे. म्हणजे 'द एटी-सिक्स इयर्स ऑफ युबी ब्लेक' हा तुमचा १९६९ चा एलपी निघाला तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. आणि 'चार्ल्स्टन रॅग' खरंच १८९९ मध्ये सुचला असेल तर तेव्हा तो १६ नव्हे, १२ वर्षांचा होता.

१८९९ या सालाला त्याच्या शब्दापलीकडे आधार नाही. त्या काळी त्याला स्वरलिपी लिहिता येत नव्हती. रचना कागदावर उतरली ती १९१५ च्या आसपास आणि कॉपीराइटची नोंद १९१७ ची. त्यामुळे १८९९ ते १९१७ या काळात चीज कशी घडत, बदलत गेली हे सांगणारा पुरावा कोणाकडेच नाही. तुमची पहिली फाइल ज्याच्यावरून आली तोच या रचनेचा सगळ्यात जुना ऐकता येणारा पुरावा. (ती काय चीज आहे हे इथले छिद्रान्वेषी जास्त चांगलं सांगतील.)

आता थोडं आयुष्याबद्दल, कारण त्याच्या तबकड्या अशा विचित्र का विखुरल्यात हे त्याशिवाय कळत नाही. आई-वडील दोघेही गुलामगिरीतून सुटलेले. वडील बाल्टिमोरच्या धक्क्यावर मालाची चढउतार करायचे, आई कपडे धुवायची. घरात ७५ डॉलरचा पायाने भात्यावर चालणारा ऑर्गन आला, आठवड्याला २५ सेंटच्या हप्त्याने. सरळ हिशेबाने ३०० आठवडे. शेजारच्या मार्गारेट मार्शल या चर्चच्या ऑर्गनवादक बाईंकडे शिक्षण. पोरसवदा वयात घरच्यांना चोरून ॲगी शेल्टनच्या कुंटणखान्यात पियानो वाजवायला सुरुवात. पुढे १९०७ पासून गोल्डफील्ड हॉटेल. ते जो गॅन्स या मुष्टियोद्ध्याचं, लाइटवेट गटातल्या जगज्जेत्याचं. १९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या जोसेफ स्टर्नने 'चेव्ही चेस' आणि 'फिझ वॉटर' हे दोन रॅग छापले. १९१५ मध्ये गायक-गीतकार नोबल सिसल भेटला आणि त्याच्या आयुष्याची दिशा बदलली.

२३ मे १९२१ ला 'शफल अलाँग' हे संगीतक न्यूयॉर्कच्या ६३ व्या रस्त्यावरच्या थिएटरात उघडलं. ५०४ प्रयोग. गाणी सिसल-ब्लेकची. रेकॉर्ड कंपन्या ब्लेककडे धावल्या त्या या संगीतकामुळे. त्यांना हवी होती संगीतकातली गाणी. त्याच उन्हाळ्यात व्हिक्टरसाठी त्याने 'बाल्टिमोर बझ' आणि 'बँडाना डेज' ऑर्केस्ट्रा घेऊन केली. सिसल गातोय आणि ब्लेक साथ करतोय अशा बाजू तर विसाच्या दशकभर निघत राहिल्या, पुढे इंग्लंडमध्ये एडिसन बेलसाठीही. एकट्याने पियानोवर वाजवलेला स्वतःचा रॅग त्या सगळ्या ढिगात एकच, जुलै १९२१ ची ही 'साउंड्स ऑफ आफ्रिका'. एमर्सनची कृपा.

---

छिद्रान्वेषी

नाव सार्थ करायची संधी मिळाली.

'१९१७, स्टिरिओ' म्हणजे पियानो रोल: प्लेयर पियानो आपोआप वाजवणारी छिद्रांच्या कागदाची गुंडाळी. ब्लेकने १९१७ मध्ये अमेरिकन पियानो कंपनीसाठी (रिदमोडिक आणि ॲम्पिको या त्यांच्याच छापा) रोल केले, त्यात 'चार्ल्स्टन रॅग' आहे. सत्तरच्या दशकात बायोग्राफ कंपनीने असे जुने रोल चांगल्या पियानोवर लावून मायक्रोफोनसमोर वाजवले आणि एलपी काढले. छिद्रं १९१७ ची, आवाज सत्तरच्या दशकातला. आंतरजालावर चढवणाऱ्याने फक्त पहिलं साल उचललं, एवढंच.

आता अर्धा स्वर. लय न बदलता पट्टी बरोबर अर्ध्या स्वराने सरकली असेल तर संशय एकाच जागी घ्यायचा: ट्रॅकर बारवर. रोलचा कागद ज्या छिद्रांच्या पितळी पट्टीवरून जातो ती पट्टी बऱ्याच प्लेयर पियानोंत एका खटक्याने डावी-उजवीकडे सरकवता येते, गायकाच्या सोयीने सुराची पट्टी बदलावी म्हणून. खटका मधल्या खाचेत नसेल तर प्रत्येक छिद्राला पियानोची शेजारची पट्टी वाजते आणि अख्खी चीज अर्धा स्वर खाली किंवा वर जाते. लयीला धक्का लागत नाही. दुसरी शक्यता म्हणजे तो पियानोच खाली लावलेला होता, पण तसं असेल तर फरक नेमका १०० सेंट येणं अवघड. ८० किंवा ११५ असा काहीतरी येतो. ट्यूनरने चार-पाच ठिकाणी मोजा.

संगणकावर दुरुस्ती करताना इथे फक्त पट्टी बदला, वेग नको. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'चेंज पिच' वापरून +१ सेमीटोन. तबकडीच्या फाइलीला नेमकं उलटं औषध लागतं, ते 'सुईचं टोक' सांगतील.

रोलच्या लयीवर मात्र आंधळा विश्वास नको. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या उत्पादकांनी ८८ पट्ट्यांच्या रोलचं माप ठरवलं: रुंदी सव्वाअकरा इंच, एका इंचात ९ छिद्रं. रोलवर 'टेम्पो ७०' लिहिलं असेल तर कागद मिनिटाला ७ फूट चालवायचा. पण कागद ओढतं ते खालचं गुंडाळणारं रीळ. त्याचे फेरे एका चालीने होतात आणि कागद चढत जातो तसा रिळाचा घेर वाढतो, म्हणजे रोल पुढे जाईल तसा कागद जास्त जोरात ओढला जातो. यंत्रावर वाजवताना हे आपोआप होतं. रोल स्कॅन करून मिडी फाइल (संगणकाने वाजवायची स्वरांची यादी) बनवणारा कागदाचा वेग सगळीकडे सारखा धरतो तेव्हा ही वाढ गळून पडते आणि शेवटचा भाग रेंगाळल्यासारखा वाटतो. मिडी उतरवून घेतलीत तर सोबतच्या टिपणात वेगाची ही वाढ धरली आहे का, ते आधी बघा.

आणि एक. रोलवर जे ऐकू येतं ते सगळं ब्लेकच्या बोटांचं नाही. वादन टिपून घेतल्यावर संपादक चुकलेले स्वर बुजवायचे, लय सरळ करायचे, कधी दोन हातांना न झेपणारे स्वरही भरायचे. ॲम्पिकोच्या रोलवर कडेच्या छिद्रांतून आवाजाचा चढउतार ठरतो आणि त्या काळात तो बराचसा संपादकाने नंतर घातलेला असायचा. तेव्हा कुठला स्वर कुठे पडतो यासाठी रोल ऐका. आघात कुठे आहेत, हात किती जड पडतोय, हे रोलवरून शिकू नका.

---

सुईचं टोक

१९२१ च्या तबकडीबद्दल.

तबकडीत वेग आणि पट्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. फाइल ४० सेंट वर आहे याचा अर्थ तबकडी कापली त्यापेक्षा जास्त वेगाने वाजवून फाइल केली. '७८' (मिनिटाला ७८ फेरे) हे नंतर रूढ झालेलं माप आहे. विजेआधीच्या काळातल्या तबकड्या ७२ पासून ८२ पर्यंत कशाही सापडतात. फाइल करणाऱ्याने ७८.२६ वर वाजवली असं धरू. ४० सेंट म्हणजे १.०२३४ पट. ७८.२६ भागिले १.०२३४ म्हणजे ७६.५ फेरे.

पण इथे एक पेच आहे. १९२१ मध्ये त्या स्टुडिओतल्या पियानोचा 'ए' स्वर ४४० हर्ट्झला लावला होता की ४३५ ला? दोन्ही चालायचं. या दोहोंत २० सेंटचा फरक पडतो. पियानो ४३५ चा असेल तर तुमची फाइल ६० सेंट वर आहे आणि खरा वेग ७५.६ येतो. म्हणून कोणी दशांशानंतर दोन आकडे देऊन 'अचूक वेग' सांगत असेल तर त्याला आधी विचारा, पियानो किती हर्ट्झचा धरलाय. शिकण्यासाठी ४४० धरून पुढे जा. तुमचा पियानो तिथेच लावलेला असणार.

ऑडॅसिटीत 'चेंज स्पीड' घ्या, पट्टी आणि लय दोन्ही एकत्र हलतात. गुणक ०.९७७. 'चेंज पिच' वापरलंत तर पट्टी जुळेल पण लय खोटी राहील आणि स्वरांच्या सुरुवातीचा ठसका फाटेल.

आता हिशेब बघा. ३ मिनिटांची बाजू या दुरुस्तीने ३ मिनिटं ४ सेकंद होते. म्हणजे वेग दुरुस्त केल्यावरही १९२१ चं वादन १९६९ पेक्षा चढंच राहणार. तेवढी घाई ब्लेकची स्वतःची, आणि काही अंशी दहा इंची तबकडीची. बाजूवर तीन मिनिटांच्या थोडं पुढे जागा संपते. म्हणून जुन्या तबकड्यांत पुनरावृत्त्या कापलेल्या असतात. भागांचा क्रम आणि किती वेळा वाजवायचं हे १९२१ वरून ठरवू नका.

डाव्या हाताबद्दल सावध करतो. १९२५ पर्यंत मायक्रोफोन नाही. पियानोसमोर कर्णा, कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला पडदा, पडद्याला जोडलेली सुई थेट मेणात कापते. या साखळीत साधारण १७०-२०० हर्ट्झच्या खालचं फारसं उतरत नाही आणि वर दोन-अडीच हजारांपुढेही. पियानोवरच्या मध्य 'सी'खालच्या सप्तकातला 'ई' १६५ हर्ट्झ आहे. त्याखालचा प्रत्येक स्वर तुम्हाला ऐकू येतो तो त्याच्या वरच्या उपस्वरांमुळे. मूळ कंप तबकडीत नाहीच. 'चार्ल्स्टन रॅग'ची सुरुवातच डाव्या हाताने खाली-खाली उतरत जाणाऱ्या सप्तकांनी होते. तबकडीवरून ऐकून ते लिहायला बसलात तर एक सप्तक वर लिहिण्याची चूक हमखास होते.

मूळ तबकडी कधी हाती आलीच तर एलपीची सुई लावू नका. ती ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), खोबणीच्या तळाशी जाऊन घाण उकरते. ७८ साठी २.५ ते ३ मिल, दाब ३ ते ५ ग्रॅम. एलपीसाठीचा आरआयएए प्रीॲम्प टाळा. तो खालचे स्वर फुगवतो, वरचे दाबतो, आणि या तबकडीत मुळात विजेची कुठलीच जुळवणी नव्हती. सपाट प्रीॲम्प, दोन्ही वाहिन्या मिळवून मोनो, मग खरखर काढायची. खरखर काढतानाही हात राखून. पियानोच्या स्वराची पहिली ठिणगी आणि तबकडीची टकटक यांत सॉफ्टवेअरला फरक कळत नाही. जास्त घासलंत की पियानो ऑर्गनसारखा वाजू लागतो.

---

वाटसरू

वाखूसा (वाचनखूण साठवली). सवडीने तीनही ऐकतो.

---

मंद्रसप्तक

तिघांचेही आभार. ट्यूनरने पाच ठिकाणी मोजलं, ९८ ते १०१ सेंट, म्हणजे खटक्याचीच करामत दिसते. १९२१ ची फाइल ०.९७७ ने उतरवल्यावर लिपीशी जुळली.

उपप्रश्न: डावा हात नेमका कसा बसवायचा? सुरुवातीची मोडलेली सप्तकं चार ओळींतच मनगट जाम करतात. आणि पाथे कंपनीच्या १९१७ च्या तबकड्यांचा उल्लेख कुठेतरी वाचला, त्यात 'चार्ल्स्टन रॅग' आहे का? एलपी एकच घ्यायचा असेल तर कोणता?

---

डावखुरा

डाव्या हाताचं मी बघतो.

सुरुवातीची ती चाल म्हणजे सप्तकाचे दोन स्वर एकदम न वाजवता खालचा-वरचा, खालचा-वरचा असे सुटे वाजवायचे आणि जोडी अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरवत न्यायची. मनगट जाम होतं कारण हात ताणून ठेवून बोटं उचलली जातात. बोटं उचलायचीच नाहीत. कोपरापासूनचा हात दरवाजाची मूठ फिरवावी तसा फिरवायचा. करंगळी खाली जाते तेव्हा अंगठा आपोआप वर येतो. हात ताणलेला राहतो तो फक्त सप्तकापुरता, आणि दर जोडीनंतर क्षणभर सैल.

सरावाचा क्रम असा ठेवा. आधी फक्त खालचे स्वर, करंगळीने, काळ्या पट्टीवर चौथं बोट. हे न बघता बिनचूक झालं पाहिजे, कारण ही चीज जिथे कोसळते तिथे नव्वद टक्के वेळा करंगळी शेजारच्या पट्टीवर पडलेली असते. मग फक्त अंगठे. मग दोन्ही, मेट्रोनोम ६० वर, एका ठोक्याला दोन स्वर. अंगठा करंगळीपेक्षा मोठा वाजतोय का हे ऐका. वाजतोच, तो जड असतो. करंगळीवर मुद्दाम वजन द्या. एका ठोक्याला चार स्वरांवर गेल्याशिवाय उजवा हात जोडू नका.

पुढच्या भागांत नेहमीची स्ट्राइडची उडी आहे: पहिल्या ठोक्याला खाली सप्तक किंवा दशक (एक स्वर आणि त्याच्यापासून वरचा दहावा), दुसऱ्याला मध्य 'सी'जवळ कॉर्ड. ब्लेकचे हात प्रचंड. सप्तकापुढे आणखी चार-पाच पट्ट्या तो सहज घ्यायचा. आपल्याला दशक एकदम येत नसेल तर मोडून घ्या, पण खालचा स्वर ठोक्याच्या जरा आधी आणि वरचा नेमका ठोक्यावर. उलटं केलंत की डावा हात मागे पडतो आणि उजव्या हाताची सगळी सिंकोपेशन (ठोक्याबाहेर पडणारे आघात) लुळी होते. पेडल जवळजवळ बंद. पेडलवर उडी लपवायची सवय लागली की या संगीतातला कोरडा ठोका जातो. ब्लेक पायभात्याच्या ऑर्गनवर शिकला हे इथे आठवायचं; आपल्या संगीत नाटकांच्या साथीला असायचा त्याच जातीचं वाद्य, बोट उचललं की स्वर संपला.

आता मूळ प्रश्न. छिद्रान्वेषींशी थोडं भांडायचं आहे. स्वरांसाठीही मी रोलवर भिस्त ठेवणार नाही. संपादकाने काय भरलं हे वेगळं काढता येत नाही. स्वर आणि बोटं टेरी वाल्डो या रॅगटाइम वादकाने ब्लेकच्या हयातीत लिहून घेतलेल्या 'सिन्सिअरली, युबी ब्लेक' (१९७५) या संग्रहातून घ्या. त्यात ब्लेकच्या नऊ रचना आहेत. लय आणि आघात मात्र १९२१ मधून. १९६९ चं वादन सुंदर आहे, पण ते मैफलीचं वादन आहे. पन्नासेक वर्षांत त्याच्या हातात नाटकी थांबे आले, भरजरी शेवट आले. लोकांसमोर वाजवायचं झालं तर तिथून उचला. पाठांतर त्यावर नको.

---

छिद्रान्वेषी

भांडण मान्य, पण अर्धंच. वाल्डोचा संग्रह म्हणजे म्हाताऱ्या ब्लेकच्या हातातला 'चार्ल्स्टन रॅग'. तिशीतल्या माणसाने मधल्या भागात काय वाजवलं हे जाणायचं तर कर्ण्याच्या तबकडीत आतले स्वर बुडालेत आणि रोलमध्ये ते छिद्राछिद्राने दिसतात. उपाय सोपा आहे: रोलमधला एखादा स्वर दोन हातांत बसतो का ते बघा. बसत नसेल तर तो संपादकाचा. बसत असेल आणि १९२१ मध्ये त्या जागी विसंगत काही ऐकू येत नसेल, तर ठेवा. १९७३ मध्ये ब्लेकने क्यूआरएस कंपनीसाठी पुन्हा रोल केले. तेव्हा फाइलीवर नुसतं 'ब्लेक, रोल' असेल तर कोणत्या काळातला हे आधी ठरवा.

---

तबकडीप्रेमी

पाथेबद्दल. १९१७ मध्ये 'युबी ब्लेक ट्रिओ' या नावाने 'हंगेरियन रॅग' आणि 'अमेरिकन ज्युबिली' निघाल्या. पहिली ज्युलियस लेन्झबर्गची, दुसरी एड क्लेपूलची. ब्लेकची स्वतःची रचना त्यात नाही, 'चार्ल्स्टन रॅग'ही नाही. ऐकायला गढूळ. पाथे मूळ मुद्रण मोठ्या सिलिंडरवर करायची आणि त्यावरून यंत्राने तबकडीवर नक्कल उतरवायची, म्हणजे विकत घेतलेली तबकडी आधीच दुसऱ्या पिढीची. शिवाय खोबणी खाली-वर कापलेली, बाजूला नाही. साध्या जुळणीने वाजवली तर जवळजवळ फक्त खरखर येते. स्टिरिओ सुईने फाइल करून एक वाहिनी उलटी करायची आणि मग दोन्ही मिळवायच्या, तेव्हा संगीत वर येतं.

ही तबकडी झाली तेव्हा ब्लेक जेम्स रीस युरोप या बँडप्रमुखाच्या वर्तुळात होता. पहिल्या महायुद्धात युरोप आणि सिसल अमेरिकेच्या ३६९ व्या पलटणीच्या बँडबरोबर फ्रान्सला गेले, ब्लेक न्यूयॉर्कमध्ये मागे राहून युरोपचा कारभार बघत होता. ९ मे १९१९ ला बॉस्टनमध्ये बँडच्याच ढोलवादकाने युरोपचा खून केला, आणि सिसल-ब्लेक जोडी व्होडव्हिलकडे (रंगमंचावरच्या विविधरंगी करमणुकीकडे) वळली. जाता जाता: युरोपच्या १९१३-१४ च्या व्हिक्टर तबकड्यांवर कॉर्नेट वाजवणारा क्रिकेट स्मिथ १९३६ मध्ये मुंबईत ताजमहाल हॉटेलमध्ये स्वतःचा बँड घेऊन होता आणि मुंबईत त्याने तबकड्याही केल्या. चोरबाजारात ढीग उपसताना हे नाव लक्षात असू द्या.

एलपी एकच घ्यायचा तर तुमच्याकडे फाइल आहे तोच, 'द एटी-सिक्स इयर्स'. निर्माता जॉन हॅमंडने केलेला दोन तबकड्यांचा संच. मुद्रण डिसेंबर १९६८ ते मार्च १९६९. पूर्ण घ्या, एकच फाइल ऐकून सोडू नका. त्यात 'चेव्ही चेस', 'ट्रबलसम आयव्हरीज', 'ब्रिटवूड रॅग' आहेत. आणि 'ड्रीम रॅग' आहे. तो जेसी पिकेट या ब्लेकच्या आधीच्या वादकाचा. पिकेटने तबकडी केली नाही. त्याचं वादन कानाने उचलून सत्तर वर्षं बोटांत ठेवलेल्या माणसाकडून ते आपल्याला मिळतंय. माझ्या मते संचातली सगळ्यात मोलाची बाजू तीच. शेवटी सिसलही गातो, वयाचा आवाज आहे, पण जोडी मुरलेली.

१९५८ चा 'द विझर्ड ऑफ द रॅगटाइम पियानो' टाळा असं म्हणणार नाही, पण शिकायला निरुपयोगी. गिटार, बेस, ड्रम, क्लॅरिनेट सगळे आहेत. क्लॅरिनेटवर बस्टर बेली, बेसवर मिल्ट हिंटन अशी मंडळी. बेस वाजवणारा माणूस शेजारी असला की ब्लेकचा डावा हात अर्धं काम सोडून देतो, आणि तुम्हाला हवा आहे तो डावा हातच. १९७० नंतर कार्ल सेल्ट्झरबरोबर काढलेल्या त्याच्या स्वतःच्या ईबीएम या छापाचे एलपी एकट्याच्या वादनासाठी जास्त चांगले, पण भारतात सहज मिळत नाहीत.

१९३१ नंतर १९५८ पर्यंत बाजारात त्याच्या नावाचं फारसं काही दिसत नाही, त्याचं कारण आजारपण वगैरे नाही. बाजार स्विंगकडे (मोठ्या जाझ बँडांच्या नाचसंगीताकडे) गेला. दुसऱ्या महायुद्धात तो सैनिकांसाठी कार्यक्रम करत फिरला, १९४६ च्या सुमारास निवृत्त झाला आणि न्यूयॉर्क विद्यापीठात शिलिंजर पद्धतीचं रचनाशास्त्र शिकायला बसला, १९५० मध्ये पुरं केलं. त्याच वर्षी रूडी ब्लेश आणि हॅरिएट जॅनिस यांचं रॅगटाइमच्या इतिहासावरचं पुस्तक आलं आणि जुन्या वादकांचा शोध सुरू झाला. रॅगटाइमचा सगळ्यात नावाजलेला रचनाकार स्कॉट जॉप्लिन १९१७ मध्येच गेलेला, मागे थोडे रोल ठेवून, तबकडी एकही नाही. अशात ब्लेक जिवंत होता, वाजवत होता आणि मायक्रोफोनही आता चांगले होते.

---

मंद्रसप्तक

एक शेवटचं. दुरुस्त केलेली १९२१ ची फाइल इथे चढवली तर चालेल का? आणि १९६९ ची?

---

सुईचं टोक

१९२१ ची चढवा. अमेरिकेत १९२३ पूर्वीची सगळी ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ पासून खुली झाली आहेत, आणि भारतात ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षांची, ती केव्हाच उलटली. फक्त फाइल तुम्ही तबकडीवरून किंवा खुल्या संग्रहातून घेतलेली असावी.

१९६९ ची नको, भारतीय मुदतही २०२९ अखेरपर्यंत आहे. '१९१७'वाली तर मुळीच नको. छिद्रं जुनी असली तरी ते मुद्रण सत्तरच्या दशकातलं आहे.

चढवताना मूळ फाइल आणि दुरुस्त फाइल दोन्ही ठेवा, नावात वेग आणि पट्टी लिहा: '७६.५ फेरे, ए=४४० धरून'. खरखर काढलेली प्रत तिसरी, वेगळी. डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅकमध्ये, २४ बिट. एमपी३ करून मग वेग बदललात तर वरच्या स्वरांत चरचर येते, आणि या तबकडीत वरचे स्वर आधीच मोजके आहेत.